सड्यावरचा एक किलोमीटर

(दृश्य : मे महिन्यातला सडा, करपलेलं गवत, लाल चाकोरी)

नवी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घेतली की माणूस ती आधी पुळणीवर घालतो, आणि भरती चढायच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरतो. शिकायला सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार, बरा. रत्नागिरी-राजापूर भागातल्या सड्यांवर अशा चाकोऱ्या पुष्कळ : थोडं सपाट कातळ, मग पऱ्याकडे, म्हणजे लहान ओढ्याकडे, उतार, पलीकडे चढ. किलोमीटरभर पुरे. सडा मोकळा दिसला तरी सातबारा कुणाच्या तरी नावावर असतोच, आधी विचारायचं.

टायरमधली हवा 32 पीएसआयवरून 25 पर्यंत उतरवा. टायर पसरतो, कातळाला धरतो. त्याखाली नको. जांभ्याची धार टायरची बाजू चिरते आणि तिथे पंक्चर काढता येत नाही.

(दृश्य : गिअरचा दांडा)

गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये, दांडा फोर-लोवर, म्हणजे चारही चाकांना जोर पण वेग कमी. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं.

वाटेत जांभ्याचा दगड आडवा आला की तो दोन चाकांच्या मधून काढायचा मोह होतो. चाकच त्याच्यावर चढवा. थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर, जिम्नीचा 210, म्हणजे जेमतेम वीतभर. डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांच्या आसामधल्या गिअरपेटीचा, गोळा आपटतो तो इथेच.

उताराला पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. इंजिनच गाडी धरून ठेवतं. घाबरून क्लच दाबला की गाडी सुटते, मग ब्रेक करकचून लागतो आणि सुट्या खडीवर गाडी तिरकी होते. नवखे बहुतेक इथेच चुकतात.

पऱ्या आधी पायांनी ओलांडून बघा. मग माणसाच्या चालीने, मध्ये गिअर न बदलता.

चढावर दम तुटला तर वळवू नका. आडवी गाडी कलंडते. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका, आलात तस्से सरळ मागे.

(दृश्य : कातळशिल्प, जवळून)

चाकोरी मात्र सोडायची नाही. उक्षी, बारसू, कशेळीसारखी कातळशिल्पं याच जांभ्यात कोरलेली आहेत, काही अजून मातीखाली. टायरला ती दिसत नाहीत.

डांबर लागण्याआधी दांडा टू-एचवर, म्हणजे दोनच चाकांना जोर. फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकाच वेगाला बांधलेली असतात. वळणावर त्यांना घसरायला माती लागते, डांबरावर तो ताण गिअरांवर येतो. दांडा अडकला तर गाडी दोन हात मागे घ्या, सुटतो. मग हवा भरा, आणि भरताना टायरच्या आतल्या बाजूवरूनही हात फिरवा. तिकडची चीर बाहेरून दिसत नाही.