अर्ध्या मिलिमीटरची गळती

सकाळी शेडमध्ये आलं की आधी ट्रॅक्टरखालच्या पुठ्ठ्याकडे बघायचं. चार महिने घरातल्या सगळ्यांना हीच सवय लागली होती. पुठ्ठ्यावर रोज नवा काळा डाग, भाकरीएवढा.

ट्रॅक्टर आजोबांचा. मॅसी फर्ग्युसन १०३५. त्याचं इंजिन मद्रासच्या सिम्प्सनने पर्किन्सच्या आराखड्यावरून बनवलेलं. तीन सिलिंडरचं. उन्हाळ्यात ते पूर्ण बांधून घेतलं. लायनर, पिस्टन, मेन बेरिंग, सगळं नवं. आवाज असा की ऐकत राहावं. आणि आठव्या दिवशी खालून थेंब सुरू.

थेंब पडत होता क्लच हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या खोक्याच्या, तळातल्या भोकातून. या भोकात एक पिन सैल लोंबकळत असते. चालत्या ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी ती हलत राहते, म्हणून भोकात चिखल बसत नाही. भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. आत तेल आलंच तर ते क्लचपाशी न साचता बाहेर पडावं. गावातल्या एकाने सुचवलं, एम-सील लावून बुजवून टाका. तसं केलं असतं तर डाग गेला असता आणि तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरायला लागला असता.

शेवटी कराडहून मिस्तरी आले. सत्तरीपुढचे. पहिला तासभर त्यांनी पान्याला हात लावला नाही. इंजिन डिझेलने धुतलं, कोरडं पुसलं, मागच्या बाजूवर टाल्कम पावडर मारली आणि चालू करायला लावलं. टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, पावडर तशीच पांढरी. म्हणजे वरून गळत नव्हतं. ब्रीदर, म्हणजे इंजिनला श्वास देणारी नळी, काढून पाहिला, मोकळा होता. तो तुंबला की इंजिनच्या चेंबरमध्ये दाब चढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. मग भोकाखालचा थेंब बोटावर घेऊन चोळला. गिअरचं ऑइल इतकं काळं नसतं.

"पोरा, हे इंजिनचंच. मागचं सील."

या ट्रॅक्टरला वेगळी चॅसी नाही, इंजिन हाच त्याचा कणा. मागच्या सीलपर्यंत जायचं तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या, नाहीतर सुटलेलं इंजिन कलंडतं. त्यात सकाळ गेली. क्लच उतरला, फ्लायव्हील उतरलं, आणि सापडलं.

इथे रबरी सील नाही. सीलच्या हाउसिंगच्या दोन अर्धगोल कड्या आणि प्रत्येकीच्या खाचेत बसवलेली दोरी. तीच क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, धरून बसते. आमच्या दोरीची टोकं ब्लेडने कडीच्या अगदी समतल कापलेली होती. दिसायला किती सुबक! गळतीचं कारण तेच. टोकं पाव ते अर्धा मिलिमीटर बाहेर राहायला हवीत. दोन्ही कड्या आवळल्या की ती एकमेकांवर दाबली जातात आणि सांधा बंद होतो. समतल कापली की केसाएवढी फट उरते. तेलाला तेवढी पुरते.

मिस्तरींनी नवी दोरी घेतली. आधी दोन्ही टोकांचा इंचभर भाग खाचेत बसवला, मग मधल्यापासून उरलेला. हा क्रम मी पुन्हा पुन्हा बघितला आहे, कारण सगळी कारागिरी त्यातच आहे. टोकं आधी पक्की झाली की जास्तीची दोरी मध्ये फुगते. ती गोल दांड्याने लाटत लाटत खाचेतच जिरवायची, ताणायची नाही. फीलर गेजने, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पात्यांनी, टोकं मोजली. आतून ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. कड्या क्रँकवर आवळल्या, पण ब्लॉकला लगेच जोडल्या नाहीत. हाउसिंग हातानेच क्रँकभोवती फिरवत राहिले. आधी जड, मग जरा कमी जड, मग एकसारखं.

"आता बसली," एवढंच म्हणाले.

जाताना खाली वाकून त्यांनी भोकातली पिन बोटाने हलवून पाहिली. "ही अशीच सुटी राहू दे. आणि पुठ्ठा महिनाभर काढू नकोस."

आज एकविसावा दिवस. पुठ्ठ्यावर धूळ आहे आणि कडब्याच्या चार काड्या.