फलाटावरचा अर्धा तास

[दृश्य: मुंबई सेंट्रल. मुख्य मार्गाच्या फलाटावरून कॅमेरा उपनगरी फलाटाकडे सरकतो.]

मुंबई सेंट्रल स्थानकात दोन अगदी वेगळ्या घाईचे प्रवासी शेजारी शेजारी वावरतात. दिल्लीच्या राजधानीसाठी आलेले कुटुंब सामानासह तासभर आधी येऊन बसते; पलीकडच्या फलाटावर चर्चगेटची लोकल पकडणारा माणूस मात्र तीन-चार मिनिटांत दिसेनासा होतो. जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल आणि गूगल यांनी याच स्थानकातून मोफत वायफाय सेवेचा प्रारंभ केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ही सेवा शंभर स्थानकांवर पोहोचली आणि जून २०१८ मध्ये आसामातील दिब्रुगढ हे चारशेवे स्थानक ठरले. मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे कारण देत फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने माघार जाहीर केली. रेलटेलने सेवा बंद केली नाही. रुळांच्या कडेने टाकलेल्या स्वतःच्या ऑप्टिकल फायबरच्या बळावर तिने पुढे सहा हजारांहून अधिक स्थानके जोडली.

येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुले असलेले असे नेटवर्क किती वेळ, किती वेगाने आणि कोणत्या मापाने वाटायचे, हा आपला आजचा विषय आहे. स्थानक हे त्याचे सर्वांत कठीण उदाहरण असले, तरी रुग्णालयाचे प्रतीक्षालय, जिल्हा ग्रंथालय किंवा लॉज चालवणाऱ्यालाही तेच निर्णय घ्यावे लागतात. बहुतेक ठिकाणी ते राउटर बसवून देणारा तंत्रज्ञ परस्पर घेऊन टाकतो, एवढाच फरक.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर लॉगिनचे पान आणि दरपत्रक.]

मार्च २०२१ मध्ये रेलटेलने चार हजारांहून अधिक स्थानकांवर सशुल्क योजना आणल्या. पहिली तीस मिनिटे एक एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, वेगाने मोफत, आणि त्यापुढे ३४ एमबीपीएसपर्यंतच्या वेगासाठी पैसे, असा तो आराखडा होता. सर्वांत स्वस्त योजनेत दहा रुपयांत एका दिवसासाठी पाच जीबी मिळत. हे आकडे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहेत. एक एमबीपीएस वेगाने तीस मिनिटांत, अगदी एक क्षणही न दवडता, आठ मेगाबिटांची एक एमबी धरून जास्तीत जास्त २२५ एमबी उतरवता येतात. उलट ३४ एमबीपीएसचा पूर्ण वेग खरोखर मिळाला, तर दहा रुपयांचे पाच जीबी सुमारे वीस मिनिटांत संपतात. म्हणजे फुकट्या प्रवाशाला अर्ध्या तासाची मुदत आहे, आणि ज्याला दिवसभराची मुदत विकली आहे त्याचा साठा त्याहूनही आधी संपू शकतो. एका योजनेत घड्याळ मोजले जाते, दुसऱ्या योजनेत डेटा. या दोन मापांचा एकमेकांशी संबंध वाटतो तितका सरळ नाही, आणि नेटवर्कवर प्रत्यक्ष पडणारा भार या दोहोंपैकी एकही माप नीट सांगत नाही.

मापांकडे वळण्यापूर्वी दारावरची चौकशी पाहू. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. त्याचा माग काढत तपासयंत्रणा नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या, पासवर्ड नसलेल्या वायफायचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवणे आणि वापराची नोंद ठेवणे सेवादात्यांना बंधनकारक केले. आज स्थानकावर, विमानतळावर किंवा उपाहारगृहात मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी मागवावा लागतो, त्यामागे हा इतिहास आहे.

ओटीपीचे ते पान फोनवर आपोआप उघडते, तेही एका साध्या युक्तीने. वायफायला जोडले जाताच फोन आपल्या प्रणालीच्या निर्मात्याच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो. अँड्रॉइडला तिथून २०४ या क्रमांकाचे रिकामे उत्तर अपेक्षित असते. नेटवर्कने ही विचारणा मध्येच अडवून वेगळे उत्तर दिले, की फोन समजतो की पुढे दार आहे, आणि लॉगिनचे पान दाखवतो. क्रमांक पडताळला गेला की रेडियस नावाचा सर्व्हर परवानगी देतो आणि तिच्यासोबत दोन मुदती पाठवतो: सत्र जास्तीत जास्त किती सेकंद चालेल ही एक, आणि काहीही न करता किती सेकंद गेले तर ते बंद होईल ही दुसरी. तीस मिनिटांची मर्यादा म्हणजे पहिल्या मुदतीत लिहिलेला १८०० हा आकडा.

मर्यादा कोणाच्या नावावर लावायची, हा प्रश्न पूर्वी सोपा होता. प्रत्येक फोनच्या वायफायला कायमचा एक मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, असे आणि हिशेब त्याच्या नावे चाले. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ यांनी खासगीपणासाठी प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता देण्यास सुरुवात केली. आता पत्त्यावरून वेळ मोजणारी व्यवस्था विसंबण्याजोगी उरलेली नाही. हिशेब मोबाइल क्रमांकाच्या किंवा वाउचरच्या नावे ठेवणे भाग आहे. मला हा बदल योग्यच वाटतो, कारण स्थानकावरून नुसता चालत जाणारा माणूस ओळखला जाण्याचे कारण नाही.

[दृश्य: उपनगरी फलाट. लोकल येते, गर्दी चढते, गाडी निघते.]

लोकलच्या प्रवाशाची अडचण वेगळी आहे, आणि तिच्याकडे फार जणांचे लक्ष जात नाही. खिशातला फोन ओळखीचे नेटवर्क पाहताच जोडला जातो व नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी यंत्रणेकडून एक आयपी पत्ता घेतो, मालकाने पडदा उघडलेलाही नसताना. लहान जागी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या मांडणीत असे २५४ पत्ते असतात आणि त्यांतला एक राउटरकडे जातो. पत्त्याची लीज, म्हणजे तो एका फोनच्या नावे राखून ठेवण्याची मुदत, चोवीस तासांची असेल तर सकाळच्या गर्दीतल्या मोजक्या गाड्यांनंतर पत्ते संपतात. मग राजधानीची वाट पाहणाऱ्याला वायफायचे चिन्ह पूर्ण दिसते, पण नेटवर्क चालत नाही. तो बँडविड्थला, म्हणजे नेटवर्कच्या वहनक्षमतेला, नावे ठेवतो. वास्तविक ती मोकळीच असते. उपाय स्वस्त आहे: लीज पंधरा-वीस मिनिटांवर आणायची आणि पत्त्यांचा साठा मोठा घ्यायचा. वेळेवर मर्यादा घालायचीच असेल, तर ती सर्वप्रथम येथे घालावी.

आता वेगाच्या मर्यादेकडे येऊ. प्रत्येकाला एक एमबीपीएस, हे राउटर टोकन बकेट नावाच्या पद्धतीने पाळतो. एका काल्पनिक बादलीत ठराविक दराने टोकने पडत राहतात. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पुढे जाताना आपल्या आकाराएवढी टोकने खर्च करते आणि बादली रिकामी असेल तर थांबते किंवा टाकून दिले जाते. बादली मोठी ठेवली तर काही क्षण जास्त वेग मिळतो, म्हणून संकेतस्थळ चटकन उघडते. लांबलचक डाउनलोड मात्र ठरलेल्या दरावर येऊन स्थिरावते. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. तिची मर्यादा एवढीच, की ती तारेतल्या डेटाचा हिशेब ठेवते, आणि पाहुण्यांच्या नेटवर्कवर तुटवडा बहुधा तारेत नसतो. तो हवेत असतो.

[दृश्य: फलाटाच्या छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट. कॅमेरा तेथून फलाटाच्या दूरच्या टोकाकडे जातो.]

वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका क्षणी एकच उपकरण बोलू शकते, आणि प्रत्येक उपकरण चॅनेल मोकळे झाल्याची खात्री करून मगच आपले पॅकेट पाठवते. ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या उपकरणाच्या, खाली उभा असलेला फोन ५४ एमबीपीएसने बोलतो असे धरू. फलाटाच्या टोकाला, मध्ये लोखंडी डबा आलेला फोन संदेश क्षीण झाल्यामुळे ६ एमबीपीएसवर उतरतो. १५०० बाइटचे एक पॅकेट पाठवायला पहिल्याला ०.२२ मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याला दोन मिलिसेकंद. दोघांना आळीपाळीने एकेक पॅकेट पाठवण्याची संधी मिळाली, तर इतर खर्च बाजूला ठेवूनही दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ५.४ एमबीपीएस येतात. जवळचा वेगवान फोन एका झटक्यात दहाव्या हिश्श्यावर आला, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. फ्रान्समधील ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये हा विपरीत परिणाम मांडला, तेव्हा तो वायफायच्या ८०२.११बी या जुन्या मानकाविषयी होता. त्याचे मूळ मात्र संधी समान वाटण्याच्या नियमात आहे आणि तो नियम पुढील पिढ्यांतही आला.

संधीऐवजी वेळ समान वाटला तर चित्र पालटते. दोघांना निम्मा निम्मा एअरटाइम, म्हणजे हवेतला वेळ, दिला की जवळच्याला २७ आणि दूरच्याला ३ एमबीपीएस मिळतात. एकूण वाहतूक १०.८ वरून ३० वर जाते. दूरच्या प्रवाशाचे यात नुकसान आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याला तीन एमबीपीएस पुरतात, आणि त्याच्यामुळे खोळंबलेले बाकीचे सगळे मोकळे होतात. ही विभागणी अनेक ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या महागड्या कंट्रोलरमध्ये पूर्वीपासून होती. २०१७ पासून ती लिनक्सच्या मुक्त वायफाय ड्रायव्हरमध्येही येऊ लागली.

याच हिशेबाने 'प्रत्येकी एक एमबीपीएस' ही मर्यादा पुन्हा तपासा. ५४ एमबीपीएसने बोलणारा फोन एक एमबीपीएस वापरतो तेव्हा हवेतला चोपन्नावा हिस्सा व्यापतो. ६ एमबीपीएसवर बोलणारा तेवढ्याच डेटासाठी सहावा हिस्सा व्यापतो. दूरच्या टोकाला असे सहा प्रवासी उभे राहिले, की सर्वांनी नियम तंतोतंत पाळूनही चॅनेल भरलेले असते. अशा वेळी वेगमर्यादा आणखी कमी करण्यापेक्षा फलाटाच्या त्या टोकाला आणखी एक ॲक्सेस पॉइंट लावणे आणि १ व २ एमबीपीएससारखे जुने मंद दर बंद करणे अधिक उपयोगी ठरते. मंद दर बंद करण्याला आणखी एक कारण आहे. ॲक्सेस पॉइंट आपल्या प्रत्येक नेटवर्कच्या नावाची दवंडी, म्हणजे बीकन, दर १०२.४ मिलिसेकंदांनी पिटतो. २५० बाइटचा बीकन १ एमबीपीएसने पाठवायला दोन मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका नावामागे सुमारे दोन टक्के वेळ. कर्मचारी, पाहुणे, सीसीटीव्ही आणि कार्यालय अशी चार नावे ठेवणारी संस्था कोणी काही उघडण्यापूर्वीच आठ टक्के हवा खर्च करते.

रांगेचा प्रश्न त्यामानाने सुटलेला आहे. एकाचे मोठे डाउनलोड राउटरच्या लांब रांगेत भरून राहिले, की मागच्याचा छोटा संदेशही ताटकळतो. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देऊन ती तुंबू न देणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या क्रमांकाचा इंटरनेट-तंत्राचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली आणि साध्या राउटरवरही चालते. ती सुरू करावी. त्यावर अधिक चर्चेची गरज नाही.

[दृश्य: एर्नाकुलम जंक्शन. डोक्यावर सामान घेऊन चालणारे हमाल.]

वेळेची मर्यादा नेमकी कोणाला टोचते, हे पाहायला केरळात जावे लागते. एर्नाकुलम जंक्शनवरील एका हमालाने स्थानकाच्या मोफत वायफायवर अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी २०१८ मध्ये देशभर गाजली. सामान वाहताना तो कानात इअरफोन घालून धडे ऐकत असे. आवाजातले धडे ६४ केबीपीएसमध्येही, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटांतही, नीट ऐकू येतात. म्हणजे असा श्रोता तासाभरात तीस एमबीसुद्धा वापरत नाही. वीस मिनिटांत पाच जीबी उतरवून गाडीत बसणारा प्रवासी नेटवर्कवर कितीतरी पटींनी अधिक भार टाकतो, आणि घड्याळाची मर्यादा त्याला स्पर्शही करत नाही. जो दीर्घकाळ, थोडे थोडे वापरतो, त्यालाच ती पकडते.

तरीही घड्याळाला एक गुण आहे. 'अर्धा तास मोफत' हे तिकीट खिडकीवरच्या कोणालाही एका वाक्यात समजते. एअरटाइमचा सहावा हिस्सा समजावून सांगता येत नाही. शिवाय सेवा चालवण्याचा खर्च कोणीतरी भरायचा आहे, आणि सशुल्क योजनेकडे वळवणारी खूण म्हणून मुदत उपयोगी पडते. माझा आक्षेप मुदत संपल्यावर काय होते, त्याला आहे. आज बहुतेक ठिकाणी १८०० सेकंद भरले की संपर्क तोडला जातो, मग प्रवासी तिकिटाचे पैसे भरण्याच्या मधोमध असला तरी.

याला पर्याय तयार आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आरएफसी ८९०८ या मानकानुसार नेटवर्क फोनला थेट कळवू शकते की किती सेकंद आणि किती बाइट उरले आहेत व मुदत वाढवून मिळेल की नाही. फोनने ते दाखवले तर प्रवासी आधीच सावध होतो. रेडियसमध्ये चालू सत्राचे नियम मधेच बदलण्याची सोय त्याहून बरीच जुनी आहे. ती वापरली तर तिसावे मिनिट संपताच संपर्क तोडण्याऐवजी वेग एक एमबीपीएसवरून १२८ केबीपीएसवर आणता येतो, आणि दुसऱ्या मुदतीत, म्हणजे निष्क्रियतेच्या मुदतीत, दहा मिनिटे लिहून निघून गेलेल्यांची सत्रे आपोआप बंद करता येतात. १२८ केबीपीएसवर चित्रपट पाहता येत नाही. पीएनआरची स्थिती, घरी पाठवायचा निरोप, अर्धवट राहिलेला पैशांचा व्यवहार आणि कानातला धडा, हे सारे तेवढ्यात चालते.