कोचीत एकट्यानं: बोट, पाय आणि ऊण

नमस्कार मंडळी. कोचीला जाणाऱ्याचा पहिला घोळ नावांत होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. रेल्वेच्या तिकिटावर एर्नाकुलम असतं. ते मुख्य भूमीवरचं शहर: मोठी दुकानं, मेट्रो, रहदारी. पायी हिंडण्याजोगी जी कोची आहे, म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, ती समोरच्या पश्चिमेकडच्या भूशिरावर. मध्ये खाडी, आणि खाडीत विलिंग्डन बेट. हे बेट निसर्गानं दिलेलं नाही. बंदराची वाट खोल करताना उपसलेला गाळ टाकून ते विसाव्या शतकात, रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तयार झालं. रस्त्यानं जायचं तर पूल ओलांडत तोप्पुंपडीवरून बारा-तेरा किलोमीटरचा वळसा पडतो. बोटीनं वीस मिनिटं लागतात. एकट्या माणसाला अख्खी टॅक्सी परवडत नाही, आणि इथे तिची गरजही नाही.

बोटी दोन प्रकारच्या. एक राज्य जलवाहतूक खात्याची जुनी बोट, एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून सुटणारी. तिचं भाडं अगदी किरकोळ असतं. काही बोटी फोर्ट कोचीला जातात आणि काही मट्टनचेरीला, म्हणून चढण्याआधी एकदा विचारून घ्या. दुसरी वॉटर मेट्रो: विजेवर चालणारी, वातानुकूलित, एप्रिल 2023 मध्ये सुरू झालेली. ती हायकोर्ट जेट्टीवरून सुटते. तिच्यात माणसं मोजून घेतात, सुमारे शंभर, एकही जास्त नाही. ही शिस्त चांगलीच आहे, पण रविवारी संध्याकाळी फोर्ट कोचीहून परतणाऱ्यांची रांग लागते आणि एक-दोन बोटी डोळ्यांसमोरून निघून जातात. जाताना वॉटर मेट्रो आणि येताना जुनी बोट, असं केलं तर दोन्ही अनुभवता येतात. त्याहून बरं म्हणजे मुक्कामच फोर्ट कोचीत करावा. पहाटे साडेसहाला जो रस्ता आपला असतो, तो दहाच्या बोटीनं येणाऱ्याला मिळत नाही.

आता वार. यात फार लोक फसतात. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. त्याच्या शेजारचं 'परदेशी सिनेगॉग', म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद, आणि शुक्रवारी दुपारनंतरही बंद, कारण शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो. ज्यूंच्या सणांनाही दार उघडत नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असतात आणि बाजार रोडवरची घाऊक दुकानं बंद असतात. म्हणजे 'वीकेंडला कोची' हा बेत मुळातच चुकीचा. सोमवार ते गुरुवार यांतले दोन दिवस काढा.

पहिल्या दिवशी फोर्ट कोची. सुरुवात व्हास्को द गामा चौकाजवळच्या चिनी जाळ्यांपासून करा, पण सकाळी. ही जाळी म्हणजे एक प्रचंड तराजू आहे. एका बाजूला चौकोनी जाळं, दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले दगड. चार ते सहा माणसं लागतात. एक जण मुख्य वाशावरून चालत जातो आणि त्याच्या वजनानं जाळं पाण्यात झुकतं. काही मिनिटांनी दोर ओढले की ते वर येतं. दगड वेगवेगळ्या लांबीच्या दोरांवर आहेत ते उगाच नाही. जाळं वर येत जातं तसे ते एकेक करून खाली टेकतात, आणि तोल सांभाळला जातो. पाणी चढत असतानाची वेळ पाहण्यासारखी. मुंबईची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: आपल्याकडे उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं, कोचीत ते जेमतेम एक मीटर. त्यामुळे ओहोटीला मैलभर वाळू उघडी पडेल अशी वाट पाहू नका, तिथे मुळात किनाराच चिंचोळा आहे. पावसाळ्यानंतर खाडीतून जलपर्णीचे ढीगच्या ढीग वाहत येतात, जाळ्यांत अडकतात आणि वाळूवर सडतात. पोहण्याचा विचारही करू नका. बंदराच्या मुखाशी प्रवाह जोराचा असतो. पोहायचंच असेल तर पलीकडच्या वैपिन बेटावरचं चेराई गाठा. आणि जाळ्याचा दोर ओढायला कुणी बोलावलं तर त्यानंतर पैसे मागितले जाणार हे धरून चाला. द्यायचे असतील तर आकडा आधी ठरवा.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च पाच-सात मिनिटांवर. व्हास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला. त्याला इथे पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याच्या दगडाभोवती गर्दी होते, पण मान वर करून आढ्याचे कापडी पंखे पाहा. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर काढलेले आहेत, म्हणजे ओढणारा बाहेर उन्हात आणि उपासक आत. डच 1663 मध्ये आले, इंग्रज 1795 मध्ये, आणि प्रत्येकानं आधीच्याचं काही पाडलं, काही वापरलं. सांताक्रूझ बॅसिलिकाची आजची इमारत 1905 ची आहे, कारण पोर्तुगिजांची जुनी इंग्रजांनी पाडली.

दुसऱ्या दिवशी मट्टनचेरी, आणि हा माझ्या मते कोचीतला सगळ्यात चांगला रस्ता. फोर्ट कोचीतल्या कालवत्तीवरून बाजार रोड धरायचा. ज्यू टाउनपर्यंत अंतर अडीच-तीन किलोमीटर, न थांबता पाऊण तास, थांबत दोन. आठ-साडेआठला निघा. रस्ता चिंचोळा, दोन्हीकडे वखारी, त्यामुळे दहापर्यंत पाण्याकडच्या वखारींची सावली मिळते. नंतर ऊन डोक्यावर येतं, आणि ट्रकही आलेले असतात. पदपथ नाहीत. पोती उतरवणाऱ्या हमालांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका. ओझं पाठीवर असलेल्या माणसाला थांबणं परवडत नाही. सुंठ, मिरी, तांदूळ, मिरची यांचा वास गल्लीगणिक बदलतो. सुट्या मसाल्याच्या खरेदीचं म्हणाल तर ज्यू टाउनमधल्या सजवलेल्या दुकानांपेक्षा अलीकडच्या साध्या दुकानात घ्या. मिरी चिमटीत दाबून पाहा: पोकळ दाणा चुरतो, भरलेला दाद देत नाही.

सिनेगॉग 1568 चं. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनमधून आलेल्या, हातानं रंगवलेल्या. घड्याळाचा मनोरा मात्र 1760 चा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. दुपारी एकच्या सुमारास ते जेवणासाठी बंद करतात, म्हणून आधी सिनेगॉग आणि मग राजवाडा. राजवाडा पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला आणि डचांनी दुरुस्त केला. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत.

मराठी माणसानं इथून पुढे चेरळाईपर्यंत जावं. ही कोंकणी वस्ती, गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांची, आणि तिरुमल देवस्वम हे त्यांचं देऊळ. डच गव्हर्नर व्हान रेडेनं मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 'होर्टुस मलबारिकुस', त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोंकणी वैद्य होते. त्यांनी 1675 मध्ये लिहून दिलेलं प्रमाणपत्र ग्रंथात छापलं आहे, तेही नागरी लिपीत. पुढे सगळे बारा खंड 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापून झाले. काचेखाली पाहायला तिथे काही मिळेल म्हणून नव्हे, पण कुठे चाललो आहोत हे कळावं म्हणून सांगितलं.

आता पोट. एकट्यानं जेवण्याची अडचण अशी की हॉटेलातल्या डिशेस दोघा-तिघांच्या मापाच्या असतात. त्यावर केरळचा उपाय म्हणजे ऊण. फलकावर 'मील्स' लिहिलेलं असतं. पान एकाचंच, त्यावर पाच गोष्टी: सांबार, तोरन म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, मोरू म्हणजे ताकाची कढी, लोणचं, पापड, आणि भात हवा तेवढा. माशाची आमटी बहुधा त्यातच असते, तळलेला मासा वेगळा घ्यावा लागतो. वेळ बारा ते अडीच. तीन वाजता गेलात तर आमटीतला मासा संपलेला आणि भात गार. शुक्रवारी मट्टनचेरीतली मुसलमानांची बरीच हॉटेलं दुपारच्या नमाजाला बंद असतात, तेव्हा दीडनंतर जा.

भात मट्टा तांदळाचा, तांबूस, जाड, उकडा. सवय नसेल तर निम्माच घ्या, तो पोटात फुगतो. पांढरा हवा असेल तर 'पच्चरी' म्हणा. वाढपी वाढत राहतो. पुरे म्हणायला शब्द 'मदि'. 'त' वर जोर देऊन 'मत्ती' म्हणालात तर ती झाली तारली, आणि पानात येईलही. टेबलावर कोमट गुलाबी पाणी येतं, ते खराब नाही. पतंगाच्या झाडाच्या लाकडानं उकळलेलं असतं, आणि उकळलेलं असल्यामुळे एकट्या प्रवाशाला तेच बरं.

माशांची नावं ओळखीची करून घ्या: अयला म्हणजे बांगडा, नेय्मीन सुरमई, आवोली पापलेट, चेम्मीन कोळंबी, कून्तळ माकूळ. करिमीन म्हणजे गोव्याकडचं कालुंदर. आंबटपणाला कुडमपुळी घालतात, कोकमाच्याच कुळातलं फळ, पण धुरावर काळं केलेलं. त्यामुळे लाल आमटी उष्म्यात टिकते, उलट दुसऱ्या दिवशी जास्त मुरते. नारळाच्या दुधाचं मोइली तसं नाही, ते लवकर आंबतं. ते दुपारी, गर्दीच्या ठिकाणी खावं. रात्री उशिरा रिकाम्या हॉटेलात नको.

चिनी जाळ्यांशेजारी मासा विकत घेऊन जवळच शिजवून घेण्याची पद्धत आहे. तिथे एकटा माणूस हमखास जास्त पैसे मोजतो. मांडलेले मासे मोठे असतात, किलोच्या भावानं, आणि वजन साफ करण्याआधीचं धरतात. डोकं, खवले, आतडी गेली की किलोतला तिसरा हिस्सा तरी जातो, शिवाय शिजवण्याचे पैसे वेगळे. एका माणसाला दोन-अडीचशे ग्रॅमचं एक करिमीन पुरतं, किंवा पाच-सहा कोळंब्या. कल्ले उचलून पाहा: लाल हवेत, विटकरी नकोत. डोळा बाहेर आलेला हवा. करिमीन केळीच्या पानात भाजलेलं, पोळ्ळिच्चदु, मागा, पण काटे बारीक आहेत, बोलत खाऊ नका. 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत 52 दिवस यांत्रिक ट्रॉलरना बंदी असते. त्या काळात मिळणारा मोठा मासा बहुतेक बर्फातला, आणि महाग.

सकाळी पुट्टू-कडला घ्या: तांदळाच्या पिठाची नळकांडी आणि काळे चणे. एक नळकांडं एका माणसाचं. अप्पम नगावर मिळतो, दोन आणि इष्टू, म्हणजे नारळाच्या दुधातला रस्सा, पुरे. चारला पळमपोरी, म्हणजे पिकल्या नेंद्र केळ्याची भजी, आणि चहा. काळा हवा तर 'कट्टन', बिनसाखरेचा हवा तर 'विदाउट'. हा शब्द सगळीकडे चालतो. चारचं हे खाणं चुकवू नका, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेमका याच सुमारास विजांचा पाऊस येतो आणि चहाच्या टपरीवर तो थांबेपर्यंत बसता येतं. त्या महिन्यांत चालण्याचं सगळं काम दुपारच्या आत उरकलेलं बरं.

मुक्काम एर्नाकुलमला असेल तर जेट्टीवर उतरल्या उतरल्याच शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवा. ती बदलते, आणि चुकली तर मग तोप्पुंपडीवरून जाणारी बस आहे, किंवा तोच बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, रिक्षानं.