‘मान्द्रागोला’ : औषधाच्या पेल्यात काय होतं?

मंडळी, आजच्या नाटकाचं नाव एका मुळावरून आलंय. मँड्रेक, इटालियनमध्ये मान्द्रागोला, ही आपल्या धोतऱ्याच्या कुळातली विषारी वनस्पती. तिच्या मुळाला बरेचदा दोन फाटे फुटतात, ते माणसाच्या पायांसारखे दिसतात. तिच्यामुळे मूल होतं ही समजूत फार जुनी. बायबलमध्ये राहेल आणि लेआ या बहिणींची घासाघीस हिच्यावरूनच होते. गंमत अशी, की इटालियन लेखक मॅकियाव्हेलीच्या या नाटकात ते मूळ कुठेच नाही. नायिकेला पाजतात ती मसाले घातलेली गोड वाइन.

आधी कथा. कालिमाको दहाव्या वर्षी फ्लॉरेन्सहून पॅरिसला गेला. दहा वर्षांनी फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीत घुसला, लढाया सुरू झाल्या, आणि हा तिकडेच राहिला. आणखी दहा वर्षं गेली. चार्ल्सची स्वारी 1494 ची, म्हणजे नाटक घडतं 1504 मध्ये; तेव्हा फ्लॉरेन्स प्रजासत्ताक होतं आणि मॅकियाव्हेली त्याच्या सेवेत होता. लुक्रेत्सियाच्या रूपाची कीर्ती ऐकून कालिमाको परततो. ती वकील निचियाची बायको, अत्यंत सच्छील, पण मूल नाही. कालिमाको वैद्य बनतो आणि मँड्रेकचा काढा सुचवतो : बाईला गर्भ राहील, मात्र त्यानंतर तिच्याजवळ पहिला जाणारा पुरुष आठ दिवसांत मरेल. तेव्हा रस्त्यावरचा एखादा टवाळ पोरगा एका रात्रीपुरता पकडून आणायचा. तो ‘पोरगा’ अर्थातच वेषांतर केलेला कालिमाको.

या सगळ्याचा सूत्रधार लिगूरिओ हा दुसऱ्याच्या ताटावर जगणारा इसम. माणूस कशानं वळतो हे त्याला नेमकं कळतं. निचिया लॅटिनला भुलतो. ‘वैद्य’ दोन वाक्यं लॅटिनमध्ये बोलला की काम झालं. काढ्याची अट ऐकून तो कचरतो, तर फ्रान्सच्या राजानंही हेच केलं असं सांगितलं जातं. मग भीती उरते ती फक्त हे न्यायालयाला कळण्याची.

लुक्रेत्सियाला राजी करायला तिचा पाद्री तिमोतेओ हवा; त्याला वळवण्याचा तिसऱ्या अंकातला प्रवेश तर शिकण्यासारखा आहे. लिगूरिओ आधी निचियाकडून पंचवीस ड्युकाट (सोन्याची नाणी) काढतो आणि त्याला बहिरा असल्याचं सोंग घ्यायला लावतो, म्हणजे मध्ये बोलून तो घोळ घालणार नाही. मग खरं काम लपवून भलतंच मागणं मांडतो : मठात राहणाऱ्या एका मुलीला दिवस गेलेत, गर्भ पाडायला मदत करा, मोठी रक्कम दानधर्मासाठी मिळेल. पाद्री तयार होतो. थोड्या वेळानं लिगूरिओ येऊन सांगतो, की त्या मुलीचा गर्भ आपोआप पडला. आता दुसरं एक काम आहे, त्याहून हलकं. एकदा मोठ्याला हो म्हटलेला माणूस लहानाला नाही कसा म्हणणार? पुढे हाच पाद्री बायबलमधल्या लोताच्या मुलींचा (जगात पुरुषच उरले नाहीत असं समजून त्यांनी बापापासून मूल होऊ दिलं) दाखला देऊन लुक्रेत्सियाला पटवतो, की पाप मनात असतं, देहात नाही.

हे लिहिणारा माणूस तेव्हा बेकार होता. 1512 मध्ये आधी सत्तेवर असलेलं मेडिची घराणं फ्लॉरेन्समध्ये परतलं आणि त्याची सचिवपदाची नोकरी गेली. 1513 मध्ये कटाच्या संशयावरून त्याला पकडलं. हात मागे बांधून दोरानं वर ओढायचं आणि झटक्यानं खाली सोडायचं, असा छळ झाला. सुटल्यावर तो गावाबाहेरच्या शेतघरात राहू लागला. ‘द प्रिन्स’ हे राज्य कसं चालवावं यावरचं त्याचं पुस्तकही तिथलंच, 1513 चं. ‘मान्द्रागोला’ त्यानंतर काही वर्षांनी, 1518 च्या सुमारास आलं. प्रस्तावनेत तो सरळ सांगतो : विषय हलका वाटेल, पण दुसऱ्या कामात गुण दाखवायची वाट लेखकाला बंद आहे. पुढे हेच नाटक पोप दहाव्या लिओपुढे झालं, आणि हा लिओ मेडिचींपैकीच! 1559 मध्ये चर्चनं बंदी घातली ती मॅकियाव्हेलीच्या सगळ्याच लेखनावर.

बांधणी प्लॉटसच्या रोमन प्रहसनांची : पाच अंक, एक रस्ता, त्यावर उघडणारी दारं. काळाची एकता, म्हणजे सगळं एका दिवसात सलग घडवण्याचा नियम, पाळायची तर मधल्या रात्रीचं काय करायचं? चौथ्या अंकाच्या शेवटी पाद्री प्रेक्षकांनाच बजावतो, की आज रात्री कुणीच झोपणार नाही, तेव्हा खंड पडला असं म्हणू नका.

प्रयोग फसतो तो बहुधा निचियाला निव्वळ बावळट केल्यानं. तो शिकलेला, पैसेवाला, शहरातल्या सत्तेवर कुरकुरणारा गृहस्थ आहे. पकडलेल्या पोराचे कपडे उतरवून, त्याला रोग नाही ना हे तपासून, तोच त्याला बायकोच्या खोलीत सोडतो आणि सकाळी आपल्या सावधपणाची बढाई मारतो. मूर्खाकडून हे घडलं तर फक्त हसू येतं. हिशेबी माणसाकडून घडलं की अंगावर काटा येतो.

दुसरी अडचण लुक्रेत्सियाची. लिव्हीच्या रोमन इतिहासात याच नावाची स्त्री अत्याचारानंतर जीव देते, आणि तिच्या मरणातून राजेशाही उलथते. लिव्हीवर अख्खा ग्रंथ लिहिणाऱ्या मॅकियाव्हेलीनं हे नाव सहज ठेवलेलं नाही. त्याची लुक्रेत्सिया मरत नाही. तुझी चलाखी, नवऱ्याचा मूर्खपणा, आईचं भोळेपण आणि पाद्र्याची लबाडी यांनी मला इथवर आणलं, तर ही देवाचीच इच्छा समजते, असं ती त्या रात्री म्हणते. पण हे आपण ऐकतो ते कालिमाकोच्या तोंडून. तिचा निर्णय रंगमंचावर घडतच नाही, त्यामुळे तो खरा किती आणि कालिमाकोनं रंगवलेला किती, हे अभिनेत्रीला उरलेल्या मोजक्या संवादांतून ठरवावं लागतं. सकाळी ती नवऱ्याला फटकन उत्तर देते. निचिया चकित होतो : काल रात्री अर्धमेली दिसत होती, आज बघा, कोंबड्यासारखी ताठ आहे!