सिगरेट सोडताना सोबत कोण?

(निवेदन संहिता. कंसातल्या ओळी संकलनासाठी आहेत, वाचायच्या नाहीत.)

(दृश्य: लोअर परळ, दुपारी सव्वा एक. ऑफिसच्या फाटकासमोरची टपरी. दोरीला बांधलेला लायटर या हातातून त्या हातात.)

लायटर एकच आहे आणि तो टपरीच्या खांबाला बांधलेला आहे. पेटवायचं तर प्रत्येकाला त्या खांबाशी यावं लागतं. नीट पाहा, इथे एकटा आलेला एकच जण दिसतो, तो हेल्मेटवाला. बाकी सगळे दोघातिघांनी आलेत. वर कुणीतरी म्हणालं असणार, "चल, एक मारून येऊ." जेवण झालं, मीटिंग संपली, साहेब ओरडला, तिन्हीला हेच वाक्य चालतं.

सवय लागते ती निकोटिनची. झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. साडेअकराला ओढलेला माणूस दीडला परत खाली दिसतो तो यामुळे. पण खाली यायला निमित्त लागतं, सोबत लागते, आणि ती मुंबईत दर फाटकाबाहेर तयार उभी असते. सोडायला निघालेल्याला मात्र आपण सांगतो, मन घट्ट कर.

औषध नाही, सल्ला नाही, मदत नाही, अशा रीतीने सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. पुन्हा ओढणारे बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच ओढतात. या फिल्मचा बराचसा भाग त्या आठ दिवसांबद्दल आहे.

(दृश्य: परळमधली चाळ. तळमजल्यावर मंडळाचं ऑफिस. भिंतीला ढोल, जुन्या गणपतींच्या फ्रेम. सतरंजीवर आठ-नऊ जण.)

हा सिगरेट सोडणाऱ्यांचा गट. इथे जोड्या बसल्यात. एक सोडणारा, एक सोबती. सोबती म्हणून बायको चालते, मेहुणा चालतो, शेजारी चालतो. अट एवढीच की तो सध्या ओढणारा नसावा. पूर्वी ओढून सोडलेला असेल तर फारच छान, कारण तिसऱ्या दिवशी काय होतं हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांना एकच: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने? निकोटिनची सवय किती पक्की ते मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीत सहा प्रश्न आहेत, पण घाईत एकच विचारायचा असेल तर हा. पाच मिनिटांच्या आत ओढणाऱ्याला तीन गुण, अर्ध्या तासाच्या आत दोन, तासाच्या आत एक, त्यानंतर शून्य. दोन किंवा तीन गुण आले की नुसत्या निश्चयावर भागत नाही, औषधाची जोड लागते. विडीवाल्याला वाटतं आपलं कमी आहे. तेंदूच्या पानाची विडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला जास्त वेळा आणि जोरात ओढावं लागतं. त्यालाही हाच प्रश्न.

(दृश्य: क्लोजअप, फुंकायचं यंत्र. आकडा चढतो, २३ वर थांबतो.)

श्वास भरून घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा, मग नळीत सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत सोडायचा. भसकन फुंकलं की आकडा खोटा, कमी येतो. यंत्र मोजतंय तो कार्बन मोनॉक्साइड, धुरातला विषारी वायू, श्वासाच्या दहा लाख भागांत किती भाग ते. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण सहाच्या आत असतो. सोडल्यावर एक-दोन दिवसांत तो खाली येतो, आणि यंत्र गटात ठेवण्याचं कारण तेच. खोकला, दम, तोंडाची चव, यातलं काहीही इतक्या लवकर बदललेलं आकड्यात दाखवता येत नाही.

एक पळवाट मात्र या यंत्राला दिसत नाही. सिगरेट सोडली आणि तंबाखू मळायला घेतली, किंवा मशेरी धरली, तर आकडा खाली आणि निकोटिन चालूच. महाराष्ट्रात ही वाट चांगलीच रुळलेली आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ओढणारे शंभरात चारच्या आसपास होते, आणि धूररहित तंबाखू खाणारे-लावणारे चोवीस. म्हणून सोबत्याने खिशातली चुन्याची डबीसुद्धा ओळखायला शिकायचं.

(दृश्य: कॅलेंडरवर पेनाने गोल.)

तारीख पुढच्या दोन आठवड्यांच्या आतली. गणपतीचे दिवस, मार्च एंड, घरातलं लग्न, गावची जत्रा टाळायची. रात्रपाळी असेल तर दिवसपाळी सुरू होण्याचा दिवस बघायचा. या दोन आठवड्यांत सोबत्याला तीन कामं. घरातले लायटर, माचिस, अॅशट्रे बाहेर काढणं. देवघरातली माचिस वगळू नये, ती सोबत्याच्या ताब्यात. कुठल्या वेळी कुठे ओढली जाते ती यादी लिहून घेणं. आणि तिसरं काम टपरीवर.

(दृश्य: टपरीवाला वही काढतो, पान शोधतो, पैसे मोजतो, नावावर रेघ मारतो. निवेदन बंद. मूळ आवाज २० सेकंद.)

खातं. टपरीवरची उधारी बाकी राहिली की माणूस पैसे द्यायला येतो आणि येताना एक घेतो. सोडायच्या तारखेआधी ती चुकती करायची आणि सोबत्याच्या देखत सांगायचं, "भाऊ, उद्यापासून मी मागितली तरी देऊ नका." टपरीवाले ऐकतात का? बरेचसे हसून उडवतात. पण सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन मागायची लाज वाटते, आणि पहिल्या आठवड्यात तेवढी लाज कामाची आहे.

(दृश्य: मेडिकलच्या काउंटरवर गमचं पाकीट. मग गालाचा क्लोजअप.)

आता गम. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतो, चार मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्याला सहसा चार लागतो. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टर.

चघळायचा कसा, ते या गालाकडे बघून समजून घ्या. सावकाश चावायचा. तोंडात मिरमिर झाली की थांबायचं आणि गम गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, मग दुसऱ्या गालात. असा अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला की ते लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि माणूस म्हणतो, "मला नाही सोसत."

दुसरी चूक चहाची. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूसरबत, कोला नको. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलंच जात नाही. कटिंग आणि गम एकदम घेणाऱ्याने पैसे वाया घालवलेत.

तिसरी चूक कंजूसपणाची. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी. दिवसाला दोन चघळून "काही फरक नाही" म्हणणारे गटात नेहमी भेटतात. दिवसाची कमाल मर्यादा चोवीस, आणि तिथपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

गुटख्याने ज्याचं तोंड पुरतं उघडत नाही, त्याच्यासाठी गम नाही, पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची निकोटिनची पट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ चा दोन, मग ७ चा दोन. मुंबईच्या घामात पॅच सुटतो. दंडाची किंवा पाठीची केस नसलेली जागा धुऊन कोरडी करायची, तेल-पावडर काही लावायचं नाही, चिकटवून दहा सेकंद तळव्याने दाबायचं. रोज नवी जागा. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवायचा.

आणि चहा निम्मा करा. हे फारसं कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर निकाली काढतं. सोडल्यावर तो वेग मंदावतो, तेवढेच कप अंगात दुप्पट काम करतात. हात थरथरणं, झोप न येणं, छातीत धडधड, सगळ्याचा दोष सिगरेट सोडण्यावर जातो, आणि त्यातला बराच दोष कपाचा असतो.

(दृश्य: संध्याकाळ. बाल्कनीत फोनवर बोलणारी बाई. मागे करी रोडचा पूल. मग समांतर दृश्य: ऑफिसच्या जिन्यात फोन कानाला लावलेला माणूस.)

हे सोबत्याचं खरं काम, फोन. तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते, जोरात असली तर दहा. ती ओसरेपर्यंत माणूस गुंतलेला राहिला पाहिजे. फोन सोबत्याच्या सवडीने करायचा नाही. यादीत ज्या वेळा लिहिल्यात, त्याच्या दोन मिनिटं आधी करायचा. दुपारच्या जेवणानंतर सव्वा एकला सिगरेट असेल तर फोन एक वाजून तेरा मिनिटांनी. पहिला आठवडा रोज, महिना संपेपर्यंत दिवसाआड, तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्याला एक. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं जड, कशात लक्ष नाही. त्या दोन दिवशी एका फोनवर भागत नाही.

बोलायचं काय? ऐका या दोघांचं.

(मूळ आवाज, ४० सेकंद: "जेवलात का? … भाजी कुठली होती? … पाणी प्या आधी, मी थांबते फोनवर.")

सिगरेटचा उल्लेखच नाही. पाणी प्यायला लावलं, जिना चढायला लावला, मुलीच्या वह्यांना कव्हरं आणायची आठवण केली. फोन संपला तेव्हा सहा मिनिटं झाली होती.

आता न चालणारं. "अहो, खरं सांगा, ओढलीत ना?" हे वाक्य. शर्टाचा वास घेणं, खिसे तपासणं, थोटूक सापडलं की सासूबाईंसमोर ठेवणं. यातून सुटत काही नाही. माणूस लपवायला शिकतो, आणि लपवून ओढणाऱ्याला फोन करून उपयोग नसतो, तो उचलतच नाही. पैज लावणंही टाळा. हरला की तो सोबत्यालाही टाळतो.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. नवरा-बायकोला नुसतं "साथ द्या" शिकवल्याने सोडणारे वाढतात, असा ठोस पुरावा अजून नाही. गटात बसल्याने वाढतात, हे दिसलेलं आहे. आमचं म्हणणं एवढंच, की वेळ ठरलेली आणि काम ठरलेलं असलं तर घरातली सोबतही गटासारखी वापरता येते. सोडण्याची लागण होते, त्याला तर आकडे आहेत. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या नात्यागोत्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदाराने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी, मित्राने सोडली तर ३६, छोट्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४.

(दृश्य: सकाळची लोकल. डब्यात भजन, टाळ, खिडकीशी डुलणाऱ्या माना. मग स्टेशनबाहेरची टपऱ्यांची रांग.)

डब्यात तासभर कुणी ओढत नाही. गर्दी आहे, भजन आहे, दंड आहे. तलफ लागते ती पूल उतरून रस्त्यावर पाऊल पडल्यावर. म्हणून ज्याचा सोबती त्याच गाडीने येतो, त्याने स्टेशन ते ऑफिसचं फाटक हा तुकडा बरोबर चालायचा, आणि शक्यतो टपऱ्या नसलेल्या बाजूने. या दृश्यातले दोघे फ्लायओव्हरखालून वळसा घालून जातात. चार मिनिटं जास्त लागतात.

वजन दोन-चार किलो वाढतं, त्यासाठी खिशात चणे-शेंगदाणे, फरसाण नको. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा. पुढे जाऊ.

(दृश्य: हळदीचा मांडव, रात्र, ग्लास. कडेला धूर.)

घसरतात ते इथे. दारू, जुने मित्र, "आज तर चालतं रे". एक ओढली म्हणजे सगळं गेलं असं नाही, पण त्यानंतरचे चोवीस तास महत्त्वाचे, कारण बहुतेक जण "गेलंच आता" म्हणून दुसऱ्या दिवशी पाकीट घेतात. सोबत्याने तीनच प्रश्न विचारायचे: किती वाजता, कुठे, कोण होतं बरोबर. उत्तर यादीत शेवटी लिहायचं. पाकीट उरलं असेल तर नळाखाली धरायचं. गम किंवा पॅच चालू ठेवायचा, आणि फोन परत रोजचा, आठवडाभर.

(दृश्य: टपरीवर एकच सिगरेट विकली जाते. पाकीट दुकानदाराच्या हातात, मागची बाजू कॅमेऱ्याकडे.)

ज्याला सोबती नाही त्याच्यासाठी या पाकिटावर एक नंबर छापलेला आहे, २०१८ पासून. १८००-११-२३५६, राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन, म्हणजे सोडायला मदत करणारी फोनसेवा, फोन फुकट. सुटी सिगरेट विकायला राज्यात २०२० मध्ये बंदी आली, तरी टपरीवर काय चालतं ते समोर दिसतंय. सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. ८५ टक्के जागेवर छापलेलं चित्र त्याला दिसत नाही, नंबरही दिसत नाही. तो त्याला कुणीतरी लिहून द्यावा लागतो. मराठीत बोलता येतं. २०१८ मध्ये प्रादेशिक भाषांसाठी जी केंद्रं जोडली, त्यात मुंबईचं टाटा मेमोरियल आहे. पहिला फोन आपण करायचा. तारीख ठरली की पुढचे फोन तिकडून येतात.

(पडद्यावर नंबर, १० सेकंद. आवाज टपरीचाच.)