मिटलेल्या पापणीमागे: पाळीव कासवांच्या डोळ्यांची दुखणी

[दृश्य: काचेच्या टाकीतल्या दगडावर बसलेले लहान कासव, दोन्ही डोळे मिटलेले]

टाकीतल्या दगडावर बसलेले हे कासव झोपलेले नाही. त्याच्या दोन्ही पापण्या सुजून बाहेर आल्या आहेत आणि पुढचा पाय उचलून ते त्या पुन्हा पुन्हा चोळत आहे. सकाळी टाकलेले खाद्य पाण्यावर तसेच तरंगते आहे. त्याची भूक मेली असावी असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याला खाद्य दिसतच नाही. पाण्यात राहणारी कासवे मुख्यतः नजरेच्या आधाराने अन्न टिपतात, त्यामुळे डोळे मिटले की त्यांचे खाणे थांबते आणि खाणे थांबले की ज्या कमतरतेमुळे डोळे सुजले ती आणखी वाढत जाते. कासवाच्या शरीराचे सगळे व्यवहार संथ चालत असल्यामुळे ते उपाशीपोटी बरेच दिवस तग धरते, आणि नेमके याच कारणाने दुखणे पुष्कळ पुढे गेल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या शहरांतल्या मत्स्यालयांच्या दुकानांत विकले जाणारे बहुतेक कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी पाणकासव. मूळचे ते मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचे असते आणि सोबत प्लॅस्टिकच्या माडाचे एक छोटे बेट असलेले भांडे मिळते. हेच पिल्लू पुढे पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते, हे विकत घेताना फार थोड्यांना माहीत असते. कूर्म शुभ मानला जातो म्हणून, किंवा मुलाने हट्ट धरला म्हणून ते घरी येते आणि काही महिन्यांनी त्याचे डोळे मिटायला लागतात.

[दृश्य: कासवाच्या डोळ्याचे जवळून चित्रण, खालची पापणी वर येऊन डोळा मिटतो]

या डोळ्याची रचना पाहिल्याशिवाय त्याचे आजार समजणार नाहीत. कासवाचा डोळा मिटतो तो बहुतांशी खालची पापणी वर येऊन. पापण्यांच्या आत एक तिसरी, पातळ पापणी असते, आणि बुबुळाभोवती हाडाच्या बारीक चकत्यांचे कडे असते. अश्रू व स्निग्ध द्रव तयार करणाऱ्या ग्रंथी डोळ्याच्या खोबणीत असतात. मात्र माणसाच्या डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी कासवाला नसते. त्यामुळे जमिनीवरच्या कासवाच्या गालावर थोडी ओल दिसली तर तेवढ्यावरून ते आजारी आहे असे मानू नये. ओल स्वच्छ, पाण्यासारखी असेल आणि डोळा टपोरा व उघडा असेल तर काळजीचे कारण नाही. स्राव चिकट, पांढरा किंवा फेसाळ असेल, पापण्या एकमेकींना चिकटत असतील किंवा डोळा खोल गेला असेल, तर मात्र तो आजार आहे.

लहान पाणकासवांमध्ये सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या शरीरात बलकातून मिळालेला साठा असतो आणि तो काही महिने पुरतो. म्हणूनच दुकानातून आणलेले पिल्लू सुरुवातीला ठणठणीत दिसते. पुढे त्याला रोज मिळते काय, तर वाळवलेली कोळंबी, काकडीचे काप, कुठे भात, कुठे पावाचा चुरा. या कशातही पुरेसे अ जीवनसत्त्व नाही. साठा संपला की डोळ्याच्या ग्रंथींचे आणि त्यांच्या नलिकांचे नाजूक अस्तर बदलू लागते. ओलसर, स्राव देणाऱ्या पेशींच्या जागी त्वचेसारख्या कोरड्या, चपट्या पेशी तयार होतात, त्या गळून नलिकांत साचतात आणि मार्ग बुजवतात. ग्रंथी फुगते, पापणी सुजते, आणि पापणीच्या आत मृत पेशींचा पांढरट गोळा जमत राहतो. हेच अस्तर श्वासमार्गातही असते व कानाच्या पोकळीपासून घशापर्यंत जाणाऱ्या नळीतही असते. त्यामुळे अशा कासवाला फुप्फुसाचा संसर्ग किंवा डोळ्यामागे कानाच्या जागी गळू होण्याचा धोका असतो. आजार डोळ्यांत दिसतो, पण तो साऱ्या शरीराचा असतो. आणि माझ्या मते कासवाच्या डोळ्यांविषयी पाळणाऱ्याला एवढी एकच गोष्ट पक्की कळली तरी पुढचे बरेच अनर्थ टळतील.

अर्थात प्रत्येक सुजलेला डोळा जीवनसत्त्वाअभावीच सुजतो असे नाही. एकच डोळा बिघडला असेल तर प्रथम इजेचा विचार करावा लागतो: वाळूचा कण, भुशाची काडी, सोबतच्या कासवाचा चावा किंवा त्याच बाजूच्या कानातले गळू. दोन्ही डोळे बिघडले असतील तर आहाराइतकाच पाण्याचा दोष असू शकतो. हे कासव त्याच पाण्यात खाते आणि त्याच पाण्यात विष्ठा टाकते. त्याच आकाराच्या माशापेक्षा ते पाणी कितीतरी अधिक घाण करते, आणि गाळणयंत्र नसलेल्या लहान भांड्यात अमोनिया साचून डोळे चुरचुरत राहतात. नाकातून बुडबुडे येत असतील, कासव तोंड उघडून श्वास घेत असेल, किंवा पोहताना एका अंगाला कलत असेल, तर फुप्फुसाला बाधा झाल्याची दाट शक्यता असते, आणि अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहणेही योग्य नव्हे.

दिव्यांमुळेही डोळे पोळतात. कासवाला हाडे व कवच घट्ट होण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते तयार करण्यासाठी २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळपास उरत नाहीत. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचे खास दिवे मिळतात, पण ते फार जवळ लावले तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भाजल्यासारखी इजा होते. त्याहून भयंकर चूक म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याची अतिनील (यूव्ही) किरणांची नळी या कामासाठी वापरणे. ती नळी जंतू मारण्यासाठी बनवलेली असते. तिचे किरण उघड्या डोळ्यांवर पडू देणे कासवासाठी घातक आहे आणि माणसासाठीही.

[दृश्य: पशुवैद्यकाचे तपासणीचे टेबल, दोन हातमोजे घातलेले हात, मध्ये कासव]

तपासणीच्या टेबलावर पहिली अडचण येते ती कासवाच्या मानेची. हात लागताच ते डोके आत ओढून घेते. घाई केली तर मानेला इजा होते, म्हणून मदतनीस कवच किंचित पुढे झुकवून धरतो आणि डोके बाहेर येण्याची वाट पाहिली जाते. डोके आले की जबड्याच्या मागे दोन बोटांनी हलकेच धरायचे. कोमट सलाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पापणीवर काही मिनिटे ठेवला जातो. चिकटलेली कड सैल झाली की खालची पापणी अलगद ओढली जाते, आणि मग आतला पदार्थ दिसतो. तो वाहणारा पू नसतो; सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी विकरे पुरेशी नसतात. म्हणून तो नुसत्या थेंबांनी विरघळत नाही. बोथट, ओल्या साधनाने तो काढावा लागतो आणि हे काम फक्त पशुवैद्यकाचे आहे. घरात चिमटा किंवा काडी घेऊन हा प्रयत्न कोणीही करू नये. गोळा निघाल्यावर डोळ्यात फ्लोरेसिन हा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर जखम असेल तर ती तेवढीच जागा हिरवी चमकते.

ही चाचणी इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर घरातल्या औषधांच्या डब्यात आहे. माणसांसाठी लिहून दिलेले, अर्धे उरलेले डोळ्यांचे थेंब त्यात असतात, आणि त्यांतल्या कित्येकांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड असते. पडद्यावर जखम असताना स्टेरॉइड पडले तर जखम भरत नाही, ती खोल जाते आणि कधी पडदा फाटून डोळा कायमचा जातो. दुसरा धोका अ जीवनसत्त्वाच्या औषधाचा. लहान मुलांना नऊ महिन्यांच्या सुमारास सरकारी आरोग्य केंद्रात या जीवनसत्त्वाची जी पहिली मात्रा देतात ती १ लाख युनिटची असते. पाव किलो वजनाच्या कासवाला लागणारी मात्रा मात्र काही शेकडो युनिटपलीकडे जात नाही. जास्त झालेले अ जीवनसत्त्व शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. अशा कासवाची कातडी मान आणि पायांवरून सालपटासारखी सुटते, खालचे मांस उघडे पडते, आणि डोळे बरे करायला निघालेल्या माणसाच्या हातून कासव दगावते. डोळे सुजले म्हणजे जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, असा सरसकट नियम म्हणूनच धरता येत नाही. विशेषतः पालापाचोळा खाणाऱ्या, जमिनीवरच्या कासवांमध्ये ही कमतरता तुलनेने कमी आढळते आणि औषधाचा अतिरेक अधिक.

जमिनीवरच्या कासवांचा डोळा बहुधा धूळ, लाकडाचा भुसा, कोरडी हवा किंवा सर्दीच्या संसर्गाने बिघडतो. युरोपात बागेत पाळल्या जाणाऱ्या भूमध्यसागरी कासवांचे एक वेगळेच दुखणे आहे. ती हिवाळाभर निद्रेत असताना जागेचे तापमान गोठणबिंदूखाली गेले तर डोळ्याच्या आतल्या पडद्याला आणि भिंगाला इजा होते, आणि वसंतात जागे झालेले कासव एकाच जागी गोल फिरत राहते किंवा भिंतीवर आदळते. तिकडे कासव पाळणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

[दृश्य: विळीवर कापलेला लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला]

उपचार सुरू झाले की खरे काम घरात असते. आजारी कासवाला ऊब हवी. पाणी २६-२७ अंश आणि ऊन घेण्याची जागा ३० अंशांच्या थोडी वर असेल तरच त्याची प्रतिकारशक्ती काम करते आणि दिलेले औषध शरीरात नीट पसरते. थंडीत काकडलेल्या कासवावर उत्तम औषधाचाही गुण येत नाही. मलम लावल्यावर त्याला अर्धा-पाऊण तास पाण्याबाहेर ठेवावे, नाहीतर मलम धुऊन जाते. पण दिवसभर कोरडे ठेवू नये, कारण पाणकासवाला घास गिळायला पाणी लागते. डोळे उघडेपर्यंत खाद्य त्याच्या तोंडाजवळ चिमट्याने धरावे, आणि तरीही ते खात नसेल तर नळीने अन्न देण्याचा निर्णय पशुवैद्यकावर सोडावा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारख्या, पण त्याच्यासाठीच वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे. वजन घसरत असेल तर डोळ्यांची सूज उतरूनही आजार हटलेला नाही असे समजावे.

आहार बदलायचा तो कायमचा. लहान पाणकासवाचा मुख्य आहार म्हणजे त्याच्यासाठी बनवलेले चांगले गोळीखाद्य आणि आतड्यासकट दिलेले लहान मासे. त्याला जोड शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, लाल भोपळा आणि रताळ्याची, वय वाढेल तसे पालेभाजीचे प्रमाण वाढवत. वाळवलेली कोळंबी कधीमधी चालेल, पण ती जेवण होऊ शकत नाही. गोळीखाद्याचा मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. उघडलेल्या डब्यातले जीवनसत्त्व उष्णतेने व हवेने कमी होत जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते अधिकच वेगाने. गॅलरीत ऊन दाखवताना काचेची टाकी उन्हात ठेवू नये, कारण तिच्यातले पाणी पाहता पाहता तापते; जाळी लावलेला उथळ टब आणि त्यात अर्धी सावली हवी.

हे सगळे हाताळताना माणसाला पोटाचा आजार देणाऱ्या साल्मोनेला या जंतूचे भान ठेवावे लागते. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही तो असतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. टाकी मोरीत धुवावी, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नको, आणि कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांनी काही खाऊ नये.

एक अवघड बाब राहते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले तारा कासव घरात असेल तर ते वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली बेकायदा आहे. २०१९ पासून या जातीला आंतरराष्ट्रीय व्यापारातही सर्वांत कडक संरक्षण आहे. पकडले जाण्याच्या भीतीने असे आजारी कासव कोणी डॉक्टरकडे नेत नाही, आणि त्या भीतीची शिक्षा भोगते ते कासव. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. तिथे कळवले तर कासव योग्य हाती पडते. याउलट, आजाराला कंटाळून स्लायडर कासव गावच्या तळ्यात सोडणे हा उपाय नव्हे. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि स्थानिक कासवांच्या अन्नावर व उन्हाच्या जागांवर ते हक्क सांगते.

[दृश्य: उथळ पाण्यात, एका डोळ्यावर पांढुरका पडदा असलेले मोठे कासव]

वेळेत उपचार झाले तर सूज दोन-चार आठवड्यांत ओसरते आणि कासव पुन्हा स्वतः खाऊ लागते. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, मात्र आंधळे कासव जगू शकत नाही असे समजून त्याचा नाद सोडू नये. कासवाचे नाक तल्लख असते. पाणी उथळ ठेवले, टाकीतला दगड आणि उतार कधीही हलवला नाही, खाद्य रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी, आधी पाण्यावर बोटाने दोनदा टिचकी मारून दिले, तर काही आठवड्यांत ते त्या टिचकीच्या दिशेने मान पुढे काढू लागते.