मिसेस वॉलेस रीड यांचा हरवलेला चित्रपट

मंडळी, आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे तो मी पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिलेला नसणार, कारण त्याची एकही प्रत उरलेली माहीत नाही. ‘ह्यूमन रेकेज’, १९२३चा अमेरिकन मूकपट. पण तो कुणी काढला हे वाचल्यापासून तो माझा पिच्छा सोडत नाही.

वॉलेस रीड हा त्या काळातला लोकांचा लाडका नायक. १९१९ मध्ये ‘द व्हॅली ऑफ द जायंट्स’ या चित्रपटाच्या वेळी रेल्वे अपघातात त्याला जबर मार बसला. काम अडू नये म्हणून त्याला मॉर्फिन हे वेदना मारणारं, पण व्यसन लावणारं औषध देण्यात आलं. जखमा भरल्या, पण मॉर्फिन काही सुटलं नाही. १८ जानेवारी १९२३ला तो गेला. वय अवघं ३१.

त्याची बायको डोरोथी डेव्हनपोर्ट, स्वतः अभिनेत्री. घरातली अशी गोष्ट आपण शेजाऱ्यांनाही कळू देत नाही. तिने नवरा अंथरुणाला खिळलेला असतानाच वर्तमानपत्रांना सगळं सांगितलं. आणि तो गेल्यावर सहा महिन्यांच्या आत, टॉमस इन्स या निर्मात्याला घेऊन, याच विषयावर चित्रपट पडद्यावर आणला. त्यात कामही केलं. नाव लावलं ते ‘मिसेस वॉलेस रीड’. ज्या नावाची बदनामी होत होती तेच नाव तिने पुढे केलं. मला त्या बाईचं फार मोल वाटतं.

चित्रपटात ती एका वकिलाची बायको आहे. कामाच्या ओझ्याखाली वकील मॉर्फिनच्या आहारी जातो आणि चोरून मॉर्फिन विकणाऱ्यांच्या तावडीत सापडतो. शेवटी जिमी नावाचा व्यसनातून उठलेला टॅक्सीवाला, मागे बसलेला प्रवासी टोळीचा म्होरक्या आहे हे कळताच, टॅक्सी थेट रेल्वेगाडीवर घालतो. एका प्रसंगात, व्यसनात असताना जिमीला रस्ता कसा दिसतो ते दाखवलं होतं: वाकडी घरं, अंगावर कोसळू पाहणाऱ्या भिंती. ब्रिटनमध्ये या चित्रपटावर बंदी आली.

म्होरक्याला मारून गोष्ट मिटते, हे मात्र मला पटत नाही. रीडच्या दंडात पहिली सुई कुठल्या तस्कराने टोचली नव्हती. चित्रीकरणाची घाई होती, म्हणून ती टोचली गेली. डोरोथीने हे पडद्यावर किती उघड दाखवलं असेल? कथासार वाचून ते कळत नाही. त्यासाठी तिचा चेहरा पाहायला हवा, नवऱ्याच्या भूमिकेतल्या नटाकडे ती कशी बघते ते पाहायला हवं.

आपलेही शेकडो मूकपट असेच गेले. तेव्हाचे चित्रपट ज्यावर निघत ती नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते. फिल्मच्या थरातल्या चांदीसाठी रिळंच्या रिळं वितळवली गेली. तरी आशा सोडवत नाही. २०१० मध्ये रशियाने दहा हरवलेल्या अमेरिकन मूकपटांच्या प्रती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. त्यात ‘द व्हॅली ऑफ द जायंट्स’ होता. ज्याच्या वेळी अपघात झाला, तोच. त्यातला रीड आज आपल्याला पाहता येतो.